आयटीबी बसवल्यावर आयडलिंग वरखाली, रेस लटकते, सिग्नलला गाडी बंद: मॅपला हात लावायच्या आधी हे क्रमाने बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची केस हीच आहे का दुसरीच काही ते लगेच कळेल. गाडी चार सिलिंडरची, टर्बो नाही, मूळचा एकच थ्रॉटल काढून त्याजागी प्रत्येक सिलिंडरला एक अशा चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी (यालाच आयटीबी म्हणतात), बहुतेक वेळा सुपरबाइकच्या, आणि सोबत स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे कंपनीच्या ऐवजी बसवलेला, आपल्याला सेट करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर. जुनी सिटी व्हीटेक, एस्टीम, जुनी 1.6 वाली बलेनो, आपल्याकडे हा उद्योग जास्त करून याच गाड्यांवर चालतो आणि तक्रारी पण सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असतात.

गरम इंजिनला आयडलिंग 800 ते 1500 मधे झुलत राहतं. रेस मारून सोडली की आरपीएम 2000 ला लटकतात आणि मग सावकाश खाली येतात, किंवा उलटं, खाली येतात ते थेट बंदच पडतात. सिग्नलवरून हळूच उचलताना एक धक्का आणि भोंग्यातून (थ्रॉटल बॉडीच्या तोंडावरची हवा ओढणारी नळी) भक्क असा आवाज, पण 4000 च्या वर गाडी अशी पळते की सगळं माफ. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) अगदी शहाण्यासारखा 14 च्या आसपास दाखवतोय आणि मागे उभं राहिलं तर पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात. सकाळी बरी असते, दुपारी ट्रॅफिकमधे वेड्यासारखी वागते. ब्रेक पेडल कधी कधी दगडासारखं लागतं.

यातली दोन-तीन जरी जुळत असतील तर पुढे वाचा.

एवढं होऊनही माणूस सगळ्यात आधी काय करतो तर लॅपटॉप उघडतो. मॅपमधे, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्या ईसीयूतल्या तक्त्यात, आयडलच्या चार घरांत पेट्रोल वाढवून बघतो, कमी करून बघतो, ऑटोट्यून (मीटर बघून ईसीयूने स्वतःच मॅप बदलणं) लावतो, मग मित्राचा मॅप टाकतो, आणि आठवडाभराने मूळ मॅप कुठला होता तेच कळत नाही. मी बघितलेल्या या तक्रारींपैकी बहुतेकांत मॅपचा दोष सगळ्यात शेवटचा होता. आधी हवा सारखी करायची, मग थ्रॉटल सेन्सरचा झिरो, मग पेट्रोल. हा क्रम उलटा केला की काम कधीच संपत नाही, कारण हवेचा एक स्क्रू फिरवला की खालचं सगळं परत हलतं.

असं का होतं ते थोडक्यात. एका थ्रॉटलच्या गाडीत चारही सिलिंडर एकाच डब्यातून हवा ओढतात, थ्रॉटल थोडा कमी-जास्त उघडा असला तरी चौघांना सारखंच मिळतं. आयटीबीत प्रत्येकाची पाकळी, म्हणजे हवा अडवणारी फिरती चकती, वेगळी. आयडलला पाकळी जेमतेम एक-दोन अंश उघडी असते, त्यात एक पाकळी केसभर जास्त उघडी राहिली तरी त्या सिलिंडरला बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त हवा जाते, पण ईसीयू पेट्रोल मात्र चौघांना सारखंच देतो. म्हणजे एक लीन (पेट्रोल कमी), दोन बरे, एक रिच (पेट्रोल जास्त). पालखीला चार खांदेकरी आणि एकाचं पाऊल चुकतंय, तसं चालतं ते इंजिन. आणि वाइडबँड बिचारा सायलेन्सरच्या पाईपमधे चौघांची सरासरी वाचतो, वर मिसफायर झालेल्या सिलिंडरचा न जळलेला ऑक्सिजन पण त्याला लीन म्हणूनच दिसतो. ऑटोट्यून ते बघून अजून पेट्रोल ओततो. डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे.

म्हणून सुरुवात करायच्या आधी फुकटातलं काम: आत्ताचा मॅप तारखेच्या नावाने सेव्ह करा, ऑटोट्यून बंद, ऑक्सिजन सेन्सरचं करेक्शन बंद, आयडल कंट्रोल बंद, इग्निशनचं टायमिंग आयडलला एका आकड्यावर लॉक. नाहीतर तुम्ही एक स्क्रू फिरवणार, ईसीयू गुपचूप दुसरीकडून भरपाई करणार, आणि तुम्हाला वाटणार की स्क्रूने फरकच पडला नाही.

केबल, स्प्रिंग, पेडल

इंजिन बंद ठेवून. एकाला आत बसवा, पेडल पूर्ण दाबायला सांगा, तुम्ही भोंग्यातून बघा. चारही पाकळ्या एकदम उभ्या होतात का, आणि सोडल्यावर चारही टक्क करून बसतात का. केबलला आयडलला थोडी ढील हवीच, दोन-तीन मिमी. ढील नसेल तर गाडी गरम झाल्यावर, इंजिन माउंटवर हललं की केबल ताणली जाते आणि पाकळ्या स्टॉप स्क्रूवर (पाकळी किती बंद व्हायची ते ठरवणारा स्क्रू) बसायच्या ऐवजी केबलवर लटकतात. आयडलिंगच्या अर्ध्या तक्रारी इथेच संपाव्यात पण कोणी बघत नाही, कारण हे फार साधं वाटतं.

मग हेच गरम इंजिनवर परत करा. ही पायरी सोडू नका. बाइकच्या सिलिंडरमधलं अंतर कारपेक्षा कमी असतं, त्यामुळे बाइकच्या थ्रॉटल बॉडी कापून, वेगळ्या करून, मधे लेथवर बनवलेले कपलिंग टाकून लांबवाव्या लागतात. ॲल्युमिनियमचं हेड साधारण 300 मिमी लांबीत 70 अंश तापमान वाढलं की जवळपास अर्धा मिमी वाढतं, आणि मधली लोखंडी रॉड गार हवेत असल्याने तेवढी वाढत नाही. कपलिंगला लांबीच्या दिशेने थोडी मोकळीक ठेवली नसेल तर शाफ्ट ओढला जातो आणि पाकळी भिंतीला घासते. थंड गाडीत लोण्यासारखा चालणारा थ्रॉटल गरम झाल्यावर अडकतो तो यामुळे. ट्रॅफिकमधेच वेडी होते या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे.

इथे एक स्पष्ट सांगतो. थ्रॉटल गरम असो की थंड, एकदा जरी उघडा अडकला तर गाडी रस्त्यावर काढायची नाही. स्प्रिंग वाढवून जबरदस्तीने बंद करणं हा इलाज नाही. बॉडी उतरवून चांगल्या टर्नरकडे न्या, कपलिंग नीट करून घ्या, आणि रिटर्न स्प्रिंग दोन ठेवा, एक तुटली तरी दुसरीने पाकळ्या बंद झाल्या पाहिजेत.

अजून एक. 2008 नंतरच्या हायाबुसाच्या 44 मिमी बॉडीत पाकळ्यांचे दोन संच असतात, वरचा संच मोटरने चालतो. कारवर लावताना तो वरचा संच काढून टाकतात. कोणी आळस करून तो तसाच ठेवला असेल आणि मोटर काढली असेल तर वरच्या पाकळ्या हवेच्या झोताने स्वतःच हलतात, मग खालची कितीही सेट करा.

हवेची गळती

पुढचं स्वस्त काम. पाण्याची बारीक फवारणी करणारी बाटली घ्या, इस्त्रीला वापरतात ती. इंजिन चालू, गरम, आणि एकेका जोडावर फवारा: थ्रॉटल बॉडी आणि अडॅप्टर (बॉडी हेडला जोडणारा तुकडा) यांच्यामधला रबर, अडॅप्टर आणि हेडमधलं पॅकिंग, इंजेक्टरचे ओ-रिंग, व्हॅक्यूमच्या नळ्या, आणि बाइकच्या बॉडीवर राहिलेल्या त्या छोट्या निपलवरच्या रबरी टोप्या. त्या टोप्या बघाच. इंजिनच्या उष्णतेने वर्षभरात तडकतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. जिथे फवारल्यावर आरपीएम हलले किंवा इंजिनचा सूर बदलला तिथे गळती.

कार्ब क्लीनर फवारून बघणारे खूप आहेत. आयटीबीला उघडे भोंगे, बॅकफायरची शक्यता, हाताच्या अंतरावर तापलेला एक्झॉस्ट. नका करू. पाण्याने काम होतं.

गळती इतकी महत्त्वाची का तर आयडलला मुळात आत जाणारी हवाच किती असते, 1.5 लिटरच्या इंजिनला चौघांत मिळून ताशी पंधरा-वीस किलो, म्हणजे एका सिलिंडरला चार-पाच किलो. त्यात सुईच्या भोकाएवढी गळती पण त्या एकाच सिलिंडरच्या वाट्याला येते, वाटली जात नाही. वर 5000 आरपीएमला तीच गळती खिजगणतीत नसते, म्हणूनच वर गाडी मस्त पळते.

जोडाच्या रबराबद्दल जरा सविस्तर, कारण हल्ली हे वाढलंय. स्वस्तात करायचं म्हणून रेडिएटरचा होस कापून कपलर म्हणून लावतात, किंवा दिसायला भारी म्हणून निळा सिलिकॉन. दोन्ही पाण्यासाठी आणि हवेसाठी ठीक, पेट्रोलसाठी नाही. इंजेक्टर थ्रॉटल बॉडीतच असतो, म्हणजे जोडाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे आतून तो रबर रोज पेट्रोलने भिजतो, फुगतो, मऊ पडतो, आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी घसरतो. काढून बोटाने दाबून बघा, आतली बाजू चिकट किंवा लिबलिबीत लागली तर फेकून द्या. बाइकचेच मूळ रबर बूट लावा आणि अडॅप्टर त्यांच्या मापाचे बनवून घ्या, किंवा आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला होस शोधा.

कुठला सिलिंडर रुसलाय

गळती नसेल तर दोषी शोधा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन मिळते, हजारच्या आत-बाहेर. गाडी थंड असताना चालू करा आणि पहिल्या मिनिटातच एक्झॉस्टच्या चारही पाईपवर, हेडपासून सारख्याच अंतरावर मारा. जो पाईप मागे राहतो तो सिलिंडर आयडलला जळत नाहीये. उशीर केला तर चारही तापून सारखे दिसायला लागतात.

दुसरी पद्धत, इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा प्लग काढायचा आणि आरपीएम किती पडतात ते लिहायचं. जो काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो कामचुकार. स्पार्क प्लगची वायर ओढून हे करू नका, शॉक बसतो तो बसतो, कॉइल पण जाते आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधे साठतं.

दोषी कळला की त्याचा स्पार्क प्लग काढून शेजाऱ्याला लावा, मग कॉइल अदलाबदल, मग इंजेक्टर. दोष सामानाबरोबर सरकला तर सामान खराब, जागेवरच राहिला तर हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत तीन बदलल्या आणि गाडी नीट झाली तरी पुढच्या वेळी परत शून्यातून.

सिंक

सिंक म्हणजे चारही पाकळ्यांतून जाणारी हवा सारखी करणं, आणि हे या सगळ्याचं हृदय आहे. आणि हे कानाने होत नाही, कोणी कितीही जुना मिस्त्री असला तरी. जुन्या दोन कार्ब्युरेटरच्या गाड्या नळी कानाला लावून सेट करायचे ते मला माहितीये, पण चार 44 च्या पाकळ्या आयडलला त्याने नाही जमत.

दोन साधनं चालतात. एक म्हणजे भोंग्यावर धरायचा हवेचा मीटर, सिंक्रोमीटर, ताशी किलोत आकडा दाखवतो. दुसरं म्हणजे चार डायलवाला व्हॅक्यूम गेज, जो सुपरबाइकची सर्व्हिस करणाऱ्याकडे असतोच, तासाभरासाठी मागून आणता येतो. मला सिंक्रोमीटर जास्त आवडतो कारण तो थेट हवा मोजतो, व्हॅक्यूम गेजला कॅमचं ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) जास्त असेल तर सुई नाचत राहते. फक्त भोंगे वाकडे-तिकडे असतील तर मीटर नीट बसत नाही, मग रबरी कोन करून घ्या.

क्रम असा. इंजिन पूर्ण गरम, पंखा एकदा लागून बंद झालेला. सगळे बायपास स्क्रू, म्हणजे पाकळीला वळसा घालून थोडी हवा देणारे, हलक्या हाताने पूर्ण बंद. आधी पाकळ्यांमधले लिंकेजचे स्क्रू फिरवून चौघांची हवा सारखी करा, एक सिलिंडर आधार धरायचा, शक्यतो ज्याच्यावर स्टॉप स्क्रू आहे तो, आणि बाकीचे त्याला जुळवायचे. अर्ध्या किलोच्या आत फरक आला की पुरे. मग 2500 ला धरून परत मोजा. इथे जुळलं पण आयडलला नाही, तर लिंकेज बरोबर आहे आणि उरलेला फरक बायपास स्क्रूने काढा. आयडलला जुळलं पण 2500 ला नाही, तर लिंकेजमधे खेळ आहे किंवा एखादा लिव्हर शाफ्टवर वाकडा बसलाय, तिथे बायपासने मलमपट्टी करू नका. दर ॲडजस्टमेंटनंतर एकदा रेस मारून सोडायची आणि परत मोजायचं. रेस मारल्यावर आकडे बदलत असतील तर तो खेळच.

खेळ असेल तर रॉडचे एंड बदला. शाफ्ट बोटाने वरखाली हलत असेल तर बुशिंग झिजलंय आणि शाफ्टच्या कडेनेच हवा आत जातेय, ती बॉडी कितीही सिंक करा, दोन दिवसांत परत तेच. भंगारातून आणलेल्या बॉडी घेताना आधी शाफ्ट हलवून बघायचा, मग भाव करायचा.

अपेक्षा पण नीट ठेवा. 750 ला घड्याळासारखी चालणारी आयटीबी गाडी कंपनी बनवू शकते. बीएमडब्ल्यूच्या एम3 मधल्या एस54 इंजिनला सहा पाकळ्या आहेत, पण आयडलची हवा त्यांच्यातून मोजून-मापून सोडायची कसरत त्यांनी केलीच नाही, वेगळा आयडल व्हॉल्व्ह आहे आणि त्याची हवा एका सामाईक पाईपमधून सगळ्या सिलिंडरना वाटली जाते. घरच्या कामात तेवढं नसेल तर 1000-1100 वर समाधान माना, कॅम मोठा असेल तर अजून थोडं वर. ज्याला कंपनीसारखं आयडलिंग हवंच असेल त्याने तसा छोटा सामाईक पाईप, आयडल रेल, बनवून घ्यावा, खर्च फार नाही आणि एसी चालू केल्यावर आरपीएम वाढवायची सोय पण होते.

थ्रॉटल सेन्सरचा झिरो

सिंक झालं म्हणजे स्टॉप स्क्रू आणि पाकळ्या हललेल्या आहेत. म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा झिरो पण हललाय. आयटीबीला बहुतेक मॅप अल्फा-एन वर असतो, म्हणजे ईसीयू पेट्रोल ठरवतो ते आरपीएम आणि पाकळी किती उघडी यावरून. त्यात बंद पाकळीला 0 च्या ऐवजी 2 टक्के वाचलं गेलं तर ईसीयू शेजारच्याच घरातलं पेट्रोल देतो, आणि कमी उघडीपला एका घराचा फरक म्हणजे जमीन-अस्मान. दर वेळी स्टॉप स्क्रूला हात लावला की कॅलिब्रेशन परत करायचं. बंद पाकळीला साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, आणि मधे मल्टिमीटरवर व्होल्टेज सलग चढलं पाहिजे, मधेच उडी मारली तर सेन्सरचा ट्रॅक झिजलाय. बाइकचे जुने सेन्सर नेमके सुरुवातीच्याच भागात झिजतात कारण बाइक आयुष्यभर तिथेच चाललेली असते.

त्याच बैठकीत ईसीयू आणि इंजिनची अर्थिंग पण बघा. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर आयडलिंग बिघडत असेल तर पाकळ्यांना दोष देऊ नका. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ लागतो, आणि बाइकच्या इंजेक्टरचा तो डेड टाइम ईसीयूत नीट भरलेला नसेल तर गाडी तेवढ्यापुरती लीन होते.

व्हॅक्यूमचा डबा आणि ब्रेक

एका थ्रॉटलच्या गाडीत आयडलला मॅनिफोल्डचं प्रेशर 30-40 किलोपास्कल असतं आणि स्थिर असतं. आयटीबीत पाकळीच्या पलीकडची जागा एवढीशी असते की प्रत्येक इनटेक स्ट्रोकला प्रेशर धाडकन पडतं आणि पुढच्या स्ट्रोकच्या आधी परत जवळपास बाहेरच्या हवेएवढं भरतं. एकाच रनरला (सिलिंडरकडे जाणारी हवेची नळी) मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा सेन्सर (पेट्रोलच्या मॅपशी याचा संबंध नाही), जोडला तर तो हा नाच बघत बसतो. म्हणून चौघांकडून सारख्या लांबीच्या बारीक नळ्या एका छोट्या बंद डब्यात आणा आणि सेन्सर त्या डब्याला जोडा. नळ्या जाड ठेवल्या तर चारही रनर डब्यातून एकमेकांची हवा ओढतात आणि केलेलं सिंक पाण्यात.

ब्रेक बूस्टरला मात्र जाड नळी लागते, त्याची सोय वेगळी करा, वन-वे व्हॉल्व्हसकट. तपासायची पद्धत: इंजिन बंद, पेडल कडक होईपर्यंत चार-पाचदा दाबा, दाबून धरा, इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, किंवा ट्रॅफिकमधे लागोपाठ तीन-चारदा दाबल्यावर कडक होतंय, तर गाडी तिथेच उभी करा आणि ब्रेकवाल्याला बोलवा. इथे घरगुती प्रयोग नकोत.

आता लॅपटॉप

इथपर्यंत येऊन गाडी नीट झाली नसेल तरच. आणि खरं सांगायचं तर इथपर्यंत आल्यावर जुनाच मॅप बराच बरा वाटायला लागतो.

पहिलं, टेबलमधली थ्रॉटलची घरं कुठे आहेत ते बघा. 0, 10, 20, 30 अशी समान अंतराने असतील तर आयडल आणि हळू चालवणं हे सगळं पहिल्या दोन घरांत कोंबलेलं आहे. मोठ्या पाकळीच्या गाडीत पेडलच्या पहिल्या पाव भागातच बहुतेक हवा आत जाते, वर पाकळी उघडली तरी फरक थोडा. म्हणून घरं खाली दाट करा: 0, 1, 2, 3, 5, 8, 12, 18, 27, 40, 60, 100 अशी काहीतरी. सिग्नलवरच्या धक्क्याचं निम्मं औषध हेच. 46 मिमीच्या बॉडी 1.3 च्या इंजिनवर लावल्या असतील तर केबलच्या चाकाचा आकार पण बदलावा लागेल, सुरुवातीला हळू उघडणारा, नाहीतर पाय हलला की गाडी उडी मारणारच.

दुसरं, नुसत्या मॅप सेन्सरवर चालवत असाल तर ते सोडा. 25-30 टक्के पाकळी उघडली की प्रेशर बाहेरच्या हवेएवढं होतं आणि सेन्सरला पुढचं काही कळत नाही. नुसतं अल्फा-एन पण आयडलला हळवं आहे. दोन्हींचं मिश्रण सगळ्यात सुखाचं, मेगास्क्वर्ट 3 या ईसीयूत त्यासाठी आयटीबी नावाचा मोडच आहे, बाकी चांगल्या ईसीयूंत दोन टेबल मिसळायची सोय असते.

तिसरं, बाहेरच्या हवेचा दाब, आणि हे जीवावर बेतणारं आहे, गाडीच्या. अल्फा-एनला उंची कळत नाही, त्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा बॅरो सेन्सर लागतो. पुणे साधारण 560 मीटरवर, तिथे हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. पुण्यात डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं मशीन) ट्यून केलेली गाडी बॅरोशिवाय चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर नेली की तिथे हवा सहा टक्के जास्त, पेट्रोल तेवढंच, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला लीन, आणि तेही लांब सरळ पट्ट्यावर. उलट मुंबईत ट्यून केलेली महाबळेश्वरला नेली तर जवळपास पंधरा टक्के हवा कमी, गाडी रिच होऊन काळा धूर आणि काजळलेले प्लग. रिचने प्लग जातो, लीनने पिस्टन जातो. काही ईसीयू बॅरो फक्त चावी लावताना एकदाच वाचतात, त्यांना घाट चढताना मधे एकदा गाडी बंद-चालू करावी लागते, हे पण तपासून ठेवा.

चौथं पेट्रोल. काही वर्षांपूर्वीचा मॅप असेल आणि आता पंपावरचं ई20 भरत असाल तर त्याच मॅपवर गाडी आधीपेक्षा तीन-चार टक्के लीन चालणार, कारण इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. मीटर लॅम्डावर ठेवा (कुठलंही पेट्रोल असो, 1 म्हणजे बरोबर प्रमाण), म्हणजे 14.7 का 13.5 ही डोकेदुखीच नको.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी एकाच रनरला जोडलेली असेल तर काढून उघडी ठेवा आणि ईसीयूला प्रेशर स्थिर आहे असं सांगा. ती नळी नाचणारा व्हॅक्यूम देते आणि पेट्रोलचं प्रेशर पण नाचवते.

आयडल कंट्रोल सगळ्यात शेवटी चालू करायचा, आणि तोही आधी इग्निशनने: ठरवलेल्या आरपीएमच्या खाली गेली की थोडा ॲडव्हान्स वाढवायचा, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडायची, वर गेली की कमी. झुलणं याने छान बसतं. पण हवा असमान असताना हे चालू केलं तर दोष झाकला जातो, मिटत नाही.

कधी हात वर करायचे

पेट्रोलचा वास फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारा पाईप) आसपास येतोय, जोड ओला दिसतोय: चावी काढा, बॅटरी सोडा. रेलमधे तीन बारचं प्रेशर आहे आणि शेजारी एक्झॉस्ट. फ्युएल लाइनचं काम करणाऱ्याकडूनच नळ्या आणि फिटिंग बदलून घ्या.

पूर्ण थ्रॉटलला खडखड, नॉकिंगचा आवाज येतोय: पाय काढा, घरी या, रस्त्यावर लॉग करत बसू नका. वरच्या आरपीएमचं ट्यूनिंग डायनोवर, जाणत्या ट्यूनरकडूनच.

सिंक नीट, गळती नाही, प्लग-कॉइल-इंजेक्टर फिरवून झाले आणि तरी एकच सिलिंडर रुसलेला: कॉम्प्रेशन मोजा, चौघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधे हवा भरून ती कुठून गळते ते बघणं. व्हॉल्व्ह गळतोय का रिंग का हेड पॅकिंग, ते त्यात कळेल आणि ते इंजिनवाल्याचं काम आहे. उघड्या भोंग्यांनी, नुसत्या जाळीवर, आपल्या धुळीत गाडी चालवली असेल तर रिंगवर संशय आधी घ्या. फोमचे फिल्टर लावल्याने जो काय अर्धा घोडा कमी होतो तो होऊ द्या.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असल्या बदलांवर बोट ठेवतं, त्यामुळे ही ट्रॅकची गाडी आहे असंच धरून चाला, विम्याचा क्लेम आला तर पहिला प्रश्न हाच येतो.

ट्यूनरकडे जाताना चारही सिलिंडरचे सिंकचे आकडे आयडलला आणि 2500 ला, कॉम्प्रेशनचे आकडे, इंजेक्टरचा नंबर, फ्युएल प्रेशर, सेन्सरचे बंद आणि पूर्ण उघडे व्होल्ट, आणि थंड चालू करण्यापासून गरम आयडलपर्यंतचा एक सलग लॉग, एवढं कागदावर घेऊन जा. हे नसेल तर तो पण पहिला अर्धा दिवस हेच मोजण्यात घालवणार, आणि त्याचे पैसे तासावर असतात.